यूकेत नवीन आलोय, मोटरसायकल इन्शुरन्सचे आकडे बघून हबकलोय, पहिल्या वर्षी नक्की काय करावं?

घाटवाट

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं एकदाच सांगून टाकतो. कंपनीतर्फे यूकेला आलोय, स्लाऊमध्ये फ्लॅट भाड्याने घेतलाय आणि ऑफिस रेडिंगच्या बाहेर एका बिझनेस पार्कात आहे. ट्रेनने रेडिंग पटकन येतं पण पुढची बस हुकली की अर्धा तास गेलाच, त्यामुळे बाईक घ्यायचं ठरवलं. वय ३१. अठराव्या वर्षापासून गाडी चालवतोय, शेवटची बरीच वर्षं साडेतीनशे सीसीवर काढली, ताम्हिणी, वरंधा, भर पावसात, रात्री-अपरात्री सगळं झालंय, एकही क्लेम नाही, तिकडे एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याची सूट) ५० टक्क्यांवर पोचला होता.

इथे ऑनलाइन कोट काढायला बसलो आणि डोकं गरगरलं. एक ५०० सीसीची सेकंडहँड बघून ठेवली होती, तिला भारतीय लायसन्सवर १७८० पौंड सांगतात, आणि हे सांगणारे तरी दोनच, बाकीच्यांनी सरळ "आम्ही कोट देऊ शकत नाही" म्हणून हात वर केले. मग नुसती १२५ सीसी टाकून बघितली तर ६४० पौंड. अरे गाडीच १८०० ची आहे! तिकडे वर्षाचा थर्ड पार्टी दीड हजार रुपयांच्या आसपास भरायचो, कंपनी कुठलीही असो रक्कम तीच.

तर प्रश्न असे की भारतीय लायसन्सवर इथे चालवता येतं हे खरं ना? मग सीबीटी (इथलं सक्तीचं बेसिक ट्रेनिंग) का करायची? तिकडच्या एनसीबीचं पत्र आणून काही फायदा होतो का? महिन्याच्या हप्त्याने भरावं का एकरकमी? आणि गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये असेल, गॅरेज नाही, त्याने किती फरक पडतो? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

---

लेस्टरवाला

वेलकम दादा. आधी लायसन्सचं क्लिअर करतो कारण बाकी सगळं त्यावर अडलंय.

हो, भारतीय लायसन्सवर चालवता येतं, पण तू इथला रहिवासी झाल्या दिवसापासून १२ महिनेच, आणि लायसन्सवर मोटरसायकलची कॅटेगरी हवी. १२ महिने झाले की ते लायसन्स इथल्या रस्त्यासाठी संपलं. जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा काही देशांचं लायसन्स इथे नुसतं बदलून मिळतं, भारत त्या यादीत नाही, म्हणजे आपल्याला पहिल्यापासून परीक्षा द्यायचीच आहे. आज नाही तर अकराव्या महिन्यात घाईघाईने. मग आजच सुरू कर ना.

क्रम असा. प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स ऑनलाइन काढ, ३४ पौंड. मग सीबीटी. ती परीक्षा नाही, एक दिवसाचं ट्रेनिंग असतं, सकाळी मैदानात कोनभोवती फिरवतात आणि दुपारी कमीत कमी दोन तास रस्त्यावर नेतात, इन्स्ट्रक्टरच्या मागे जास्तीत जास्त दोन जण, कानात रेडिओ. सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं. त्यावर एल प्लेट लावून १२५ पर्यंत चालवता येतं, मागे कोणाला बसवायचं नाही आणि मोटरवेवर जायचं नाही. म्हणजे तुला एम फोर बंद, ए फोरने मेडनहेडवरून जावं लागेल. तो रस्ता १२५ ला काही वाईट नाही, सकाळच्या ट्रॅफिकमध्ये तर नाहीच.

पुढे थिअरी २३ पौंड, मग प्रत्यक्ष चालवण्याच्या दोन परीक्षा, मैदानातली मॉड वन साडेपंधरा आणि रस्त्यावरची मॉड टू ७५ (वीकडेचा दर). तुझं वय २४ च्या वर आहे त्यामुळे डायरेक्ट अॅक्सेसने एकदम फुल 'ए' लायसन्स मिळतं, मधले ए वन, ए टू करायची गरज नाही.

आणि एक मनापासून सांगतो, तिकडे कितीही घाट मारले असले तरी मॉड वनचं यू-टर्न आणि लाइफसेव्हर, म्हणजे वळायच्या आधी खांद्यावरून मागे बघणं, हे मुद्दाम शिकावं लागतं. आपण आरशावर आणि हॉर्नवर गाडी चालवायला शिकलेलो असतो. इथे हॉर्न कोणी वाजवत नाही आणि राउंडअबाउटवर उजवीकडून येणारा थांबेल असं धरून चालायचं नाही, प्रायॉरिटी त्याची. माझ्या बॅचला एक जण होता, लडाख करून आलेला, अतिशय सफाईदार हात, आणि तीनदा खांद्यावरून न बघता वळला म्हणून इन्स्ट्रक्टरने त्याला रस्त्यावर न्यायला नकार दिला. परत यायला सांगितलं. बरं झालं असंच म्हणेन मी.

---

प्रीमियमवाली

मी इथे एका ब्रोकरकडे मोटर विभागात काम करते, त्यामुळे आकडा कसा तयार होतो ते आतून सांगते. कंपनीचं नाव विचारू नका.

घाटवाट, तुमचा राग समजतो, पण तुलना करताना एक मोठा फरक लक्षात घ्या. भारतात थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. १५० ते ३५० सीसीला वर्षाला १३६६ रुपये, वर जीएसटी, मग चालवणारा १८ चा असो नाहीतर ५० चा, पुण्यात असो नाहीतर परभणीत. इथे असा सरकारी दर कुठेच नाही. प्रत्येक कंपनी स्वतःचं गणित मांडते आणि त्या गणितात तुम्ही म्हणजे वय, पोस्टकोड, नोकरी, लायसन्सचा प्रकार, किती वर्षं आहे, यूकेत कधीपासून आहात, गाडी रात्री कुठे असते, वर्षाला किती मैल, मागच्या पाच वर्षांत काय क्लेम, काय दंड. यातल्या अर्ध्या रकान्यांत तुमचं उत्तर "शून्य" आहे. तुम्ही वाईट चालवता असं कोणी म्हणत नाहीये, तुमच्याबद्दल इथे काही लिहिलेलंच नाही, आणि कोऱ्या पाटीला कंपनी घाबरते.

शिवाय इथे दुसऱ्याला इजा झाली तर त्या भरपाईला कायद्याने वरची मर्यादाच नाही. एखादा तरुण आयुष्यभरासाठी जायबंदी झाला तर त्याची देखभाल, बुडालेला पगार, घरात करावे लागणारे बदल, सगळं मिळून दावा लाखो पौंडांत जातो. त्या जोखमीचा तुकडा प्रत्येकाच्या प्रीमियममध्ये असतो. आणि वर १२ टक्के इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स, तोही तुमच्या ६४० मध्ये आलाय.

आता एनसीबी. भारतातला एनसीबी फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही, त्यामुळे इथल्या कंपन्या तो जसाच्या तसा धरत नाहीत. बहुतेक जण यूकेचा, काही जण युरोपचा मागतात, आणि तोही साधारण मागच्या दोन वर्षांतला. तरी पत्र आणाच. इंग्रजीत, कंपनीच्या लेटरहेडवर, पॉलिसी नंबर, तारखा, आणि "या काळात क्लेम नाही" असं स्पष्ट वाक्य. वेबसाइटचा फॉर्म ते पत्र बघू शकत नाही, पण मोटरसायकलमध्ये मुरलेल्या ब्रोकरला फोन केलात तर तो अंडररायटरशी, म्हणजे कंपनीत जोखीम ठरवणाऱ्याशी, बोलू शकतो. एनसीबी म्हणून नाही तरी अनुभव म्हणून काही जण थोडी सूट देतात. सगळे देतील असं नाही, पण फोनला पैसे पडत नाहीत. ब्रिटिश इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशन, म्हणजे बीबा, त्यांची ब्रोकर शोधून देणारी सेवा आहे, तिथून सुरुवात करा.

फॉर्म भरताना या तीन ठिकाणी लोक हमखास घसरतात म्हणून लिहिते:

वापर. "सोशल" निवडलं तर स्वस्त दिसतं, पण तुम्ही ऑफिसला जाणार, म्हणजे "कम्युटिंग" हवंच. आणि आयटीवाल्यांनी नीट वाचा, ऑफिस एकच असेल तर कम्युटिंग, पण आज या क्लायंटकडे उद्या त्या क्लायंटकडे असं असेल तर बिझनेस यूज लागतो.

रात्रीची जागा. गॅरेज नसताना गॅरेज लिहू नका. उघडं पार्किंग असेल तर उघडं पार्किंग.

एक्सेस, म्हणजे क्लेममध्ये तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. काही कंपनी लावते (कंपल्सरी), काही तुम्ही स्वतः कबूल करता (व्हॉलंटरी). प्रीमियम खाली आणायला लोक व्हॉलंटरी एक्सेस वाढवत नेतात. तुमची गाडी १८०० ची. समजा कंपल्सरी एक्सेस ३५० आहे आणि तुम्ही व्हॉलंटरी ५०० घेतला, म्हणजे गाडी चोरीला गेली तर ८५० तुमच्या खिशातून आणि हातात येणार ९५०, ते सुद्धा त्या दिवशीचा बाजारभाव १८०० धरला तर. वर एनसीबी गेला. एवढ्यासाठी प्रीमियममध्ये तीस-चाळीस पौंड वाचले असतील तर तो सौदा मला पटत नाही. आकडे पुढेमागे करून बघा, बऱ्याचदा एका ठरावीक एक्सेसच्या पुढे प्रीमियम हलतच नाही.

आणि हो, थर्ड पार्टी स्वस्तच असणार असं गृहीत धरू नका. फुल कॉम्प्रिहेन्सिव्हचा (स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारा) कोट पण काढा, इथे तो कधीकधी कमी येतो.

---

घाटवाट

बापरे, दोघांचेही खूप आभार. बऱ्याच गोष्टी आता डोक्यात बसल्या.

दोन गोष्टी अजून विचारतो. ऑफिसातला एक जण म्हणाला की त्याचा मावसभाऊ इथे दहा वर्षं आहे, फुल लायसन्स आहे, त्याच्या नावावर पॉलिसी घे आणि तुझं नाव फक्त अॅडिशनल रायडर म्हणून टाक, निम्म्यात होईल. सगळे करतात म्हणे. दुसरं म्हणजे एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक "एजंट" आहे, आपल्याकडचाच, तो म्हणतो ३०० पौंडांत पॉलिसी काढून देतो, पेपर पीडीएफमध्ये लगेच. हे कितपत बरोबर?

---

हाउन्सलोची_ताई

घाटवाट, तो नंबर आधी ब्लॉक कर. खरंच सांगते, आत्ता कर.

याला इथे घोस्ट ब्रोकर म्हणतात. ते दोन पद्धतीने करतात, एकतर पीडीएफ पूर्ण खोटी असते, नाहीतर खरी पॉलिसी खोटी माहिती टाकून काढतात, म्हणजे तुझं वय ४८ आणि लायसन्स वीस वर्षांचं वगैरे. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण आपण तपासलं तर गाडी इन्शुअर्ड दिसते, आणि क्लेमच्या वेळी सगळं उघडं पडतं.

माझ्या आधीच्या घरात राहणाऱ्या एका मुलीच्या बाबतीत हे झालंय. स्कूटर घेतली, अशाच ओळखीतून पेपर मिळाले, पैसे बँकेने ट्रान्सफर केले. फार दिवस नाही झाले, हेस्टनजवळ पोलिसांची गाडी मागे आली, नंबर प्लेट कॅमेऱ्याने वाचली जाते ना, त्यात इन्शुरन्स दिसेना. तिने तो पीडीएफ मोबाइलवर दाखवला. पोलिसाने शांतपणे कंपनीला फोन लावला, कंपनी म्हणाली हा पॉलिसी नंबर आमचा नाहीच. स्कूटर तिथेच ट्रकवर चढवली. रस्त्याच्या कडेला हेल्मेट हातात घेऊन ती उभी, आणि मी तिला घ्यायला गेले होते. ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट. तिची फसवणूक झाली होती हे सगळ्यांना मान्य होतं, पण विम्याशिवाय गाडी चालवली हा गुन्हा तसाच राहतो.

आणि तो पुढे चिकटतो. लायसन्सवर आयएन १० असा कोड चार वर्षं राहतो आणि इन्शुरन्सवाले पाच वर्षांचं विचारतात. नवीन लायसन्सवाल्याने पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट घेतले तर लायसन्सच रद्द, परत प्रोव्हिजनलपासून सुरुवात. म्हणजे ३०० वाचवायला जाऊन पुढची पाच वर्षं महाग.

कोणी पॉलिसी देतो म्हणाला तर आधी एफसीए, म्हणजे इथली वित्तीय नियामक संस्था, तिच्या रजिस्टरवर त्याचं नाव आहे का बघायचं, आणि रजिस्टरवर जो फोन नंबर आहे त्यावरच फोन करायचा, त्याने दिलेल्या नंबरवर नाही. रजिस्टरमध्ये नाही तर विषय संपला.

आता पार्किंगचं. मी हाउन्सलोत १२५ ची स्कूटर रस्त्यावर ठेवते. इथे गाडी चोरायला किल्ली लागत नाही, दोघं येतात आणि उचलून व्हॅनमध्ये टाकतात. त्यामुळे हँडल लॉकला काही अर्थ नाही. जाड चेन, सोळा मिलिमीटर किंवा वर, मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घालून एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला बांधायची, आणि चेन जमिनीला टेकू द्यायची नाही, कारण टेकली की कटरला किंवा हातोड्याला खाली आधार मिळतो. पुढच्या चाकाला डिस्क लॉक, आणि त्याला ती स्प्रिंगची रंगीत केबल हँडलपर्यंत लावायची म्हणजे सकाळच्या घाईत लॉकसकट गाडी सुरू होत नाही. वर साधं कव्हर टाक. कव्हरने चोर थांबत नाही, पण आत कुठली गाडी आहे ते लांबून कळत नाही. घरमालकाची परवानगी मिळाली तर पार्किंगच्या कोपऱ्यात ग्राउंड अँकर (चेन अडकवायची पक्की कडी) बसवून घे, सगळ्यात उत्तम.

लॉक घेताना लॉक तपासणाऱ्या संस्थांचा, म्हणजे सोल्ड सिक्युअर किंवा थॅचमचा शिक्का बघ. फॉर्ममध्ये तो टाकला तर काही कंपन्या थोडं कमी करतात. पण मग तो लॉक रोज लावायचाच, कारण चोरी झाली की ते पावती आणि किल्ल्या मागतात.

---

प्रीमियमवाली

ताईंनी घोस्ट ब्रोकरचं अगदी बरोबर लिहिलंय. मावसभावाच्या आयडियाबद्दल मी लिहिते.

याला फ्रंटिंग म्हणतात आणि ती फसवणूक धरली जाते, "सगळे करतात" हे खरं असलं तरी. रोज गाडी तुम्ही चालवणार, तर मुख्य रायडर तुम्हीच. क्लेम आला की कंपनी विचारते की गाडी कोणाच्या दारात असते, ऑफिसला कोण नेतं, सर्व्हिसिंगच्या पावतीवर कोणाचं नाव. दोन फोनमध्ये कळतं.

२०१२ चा ग्राहक विमा कायदा आहे इथे, त्यात दोन पातळ्या आहेत. निष्काळजीपणे चुकीचं उत्तर दिलं तर कंपनी प्रमाणात पैसे कापते, म्हणजे खरा प्रीमियम ९०० व्हायला हवा होता आणि तुम्ही ६०० भरलेत तर क्लेमचे दोन तृतीयांशच मिळतील. पण जाणूनबुजून खोटं लिहिलं तर पॉलिसीच मुळापासून रद्द, भरलेला प्रीमियम पण परत नाही. समोरच्या जखमी माणसाला कंपनीला बहुतेक वेळा तरीही पैसे द्यावे लागतात, आणि मग ते तुमच्याकडून वसूल करायचा तिला हक्क असतो. लाखो पौंडांचा दावा म्हणाले ना मघाशी, तो तुमच्या अंगावर. आणि मावसभावाचं दहा वर्षांचं स्वच्छ रेकॉर्ड गेलं ते वेगळंच.

शिवाय, आणि हे कोणी बोलत नाही, असं करून तुमचं स्वतःचं काहीच साठत नाही. एनसीबी पॉलिसी ज्याच्या नावावर त्याचा. वर्षभर चालवून तुम्ही परत शून्यावर.

---

कोव्हेंट्री_स्टुडंट

या धाग्यात घुसतोय म्हणून सॉरी, मी मास्टर्स करतोय, सीबीटी झालीये, संध्याकाळी फूड डिलिव्हरी करायचा विचार आहे. कम्युटिंगच्या पॉलिसीवर चालेल का? अॅपवाले म्हणतात आमचा पण काहीतरी कव्हर असतो.

---

लेस्टरवाला

भावा थांब. इन्शुरन्सच्या आधी व्हिसा बघ. स्टुडंट व्हिसावर आठवड्याला २० तास काम करता येतं हे बरोबर पण सेल्फ-एम्प्लॉयड काम चालत नाही, आणि डिलिव्हरी अॅपवर आपण सेल्फ-एम्प्लॉयडच असतो. दुसऱ्याचं अकाउंट भाड्याने घेऊन करणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस, यात व्हिसा जातो. युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचार, ते फुकट सांगतात.

आणि इन्शुरन्सचं उत्तर नाही असंच आहे. पैसे घेऊन सामान पोचवायचं तर हायर अँड रिवॉर्ड कव्हर लागतो, कम्युटिंगच्या पॉलिसीवर डिलिव्हरी करताना पकडलं तर विना-इन्शुरन्स धरतात. कॅफेत, दुकानात, कॅम्पसवर पगारी काम बघ, कमी मिळेल पण डोक्याला ताप नाही.

---

बेकर_स्ट्रीट

मी जरा वेगळं मत मांडतो. सगळे १२५ घे म्हणतायत, पण घाटवाटला इथे तीन-चार वर्षं राहायचंच असेल तर १२५ घेऊन, वर्षभर चालवून, विकून परत मोठी घेणं यात पण पैसे जातात. १२५ च्या सेकंडहँड गाड्यांना इथे मागणी जास्त, किमती चढ्या, आणि त्याच सगळ्यात जास्त चोरीला जातात. मी असं केलं की आधी गाडीच घेतली नाही. थेट डायरेक्ट अॅक्सेसचा कोर्स केला, ट्रेनिंग शाळेचीच मोठी गाडी आणि शाळेचाच इन्शुरन्स, तीन-चार दिवसांचा कोर्स पण हजार पौंडांच्या आसपास जातात हे खरं. पास झाल्यावर मग मध्यम वयाच्या लोकांची म्हणतात तशी शांत ५०० घेतली आणि फुल यूके लायसन्सवर कोट काढले. भारतीय लायसन्सवर नाही म्हणणाऱ्यांनी सुद्धा तेव्हा कोट दिले. एल प्लेटवर एका १२५ ला जे सांगत होते त्याच्यापेक्षा फार वर नव्हतं.

गाडी कुठली यावर खूप काही असतं. तेवढ्याच सीसीची स्पोर्ट्स बाईक आणि कम्युटर यांच्या प्रीमियममध्ये जमीन-अस्मानाचा फरक. आवडलेली गाडी आधी बघून मग कोट काढण्यापेक्षा सात-आठ मॉडेलचे कोट आधी काढ आणि मग गाडी बघायला जा. विकणाऱ्याच्या जाहिरातीतला नंबर टाकला की कोट निघतो आणि सरकारी साइटवर त्याच नंबरवर एमओटीचा (गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा) सगळा इतिहास फुकट दिसतो. बदललेला सायलेन्सर, लावलेली फॅन्सी इंडिकेटर असतील तर ती मॉडिफिकेशन म्हणून सांगावी लागतात, शक्यतो कंपनीतून आली तशीच गाडी शोध.

---

हाउन्सलोची_ताई

बेकर स्ट्रीट, तुमचं गणित बरोबर आहे पण त्यात एक राहिलं. १२५ घेऊन वर्षभर चालवली की एक वर्षाचा यूकेचा एनसीबी हातात येतो आणि तो मोठ्या गाडीला लावता येतो. शिवाय इथल्या हिवाळ्यात, चार वाजता अंधार, ओला रस्ता, पानांचा चिखल, हे सगळं हलक्या गाडीवर शिकलेलं बरं असं माझं स्पष्ट मत आहे. माझं इन्शुरन्स पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी बऱ्यापैकी उतरलं, त्यात लायसन्स फुल झालं हा भाग पण आहेच.

हप्त्यांचं कोणी सांगितलं नाही. शक्य असेल तर एकरकमी भर. हप्ता म्हणजे चक्क कर्ज असतं, व्याज २०-२५ टक्क्यांपर्यंत जातं, आणि त्यासाठी क्रेडिट चेक होतो. नवीन माणसाची क्रेडिट फाइल रिकामी, त्यामुळे कित्येकदा नाहीच म्हणतात. यासाठी एक सोपा उपाय, काउन्सिलकडे मतदार यादीत नाव नोंदव. आपण कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून इथे राहत असताना आपल्याला मतदानाचा हक्क आहे, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नाव नोंदलं की पत्त्याची खात्री पटते आणि क्रेडिट फाइलला हातभार लागतो.

---

घाटवाट

मंडळी, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, खरंच खूप बरं वाटलं. तो एजंट ब्लॉक केला, मावसभावाचा विषय पण बंद. प्रोव्हिजनलचा अर्ज आज टाकला. सीबीटी करतो, साधी कम्युटर १२५ बघतो आणि थिअरीची तारीख सोबतच घेतो, उन्हाळ्यात मॉड वन. ५०० ची पुढच्या वर्षी बघू. घरमालकाला अँकरबद्दल मेल केलीये, तो म्हणाला कोपऱ्यातल्या भिंतीजवळ चालेल पण फ्लॅट सोडताना काढून जागा पूर्ववत करून दे.

एकच शेवटचं, पॉलिसी कधी घेऊ? गाडी मिळाली की त्याच दिवशी, का आधी? आणि टेस्ट पास झालो की मधेच बदलता येते का?

---

प्रीमियमवाली

कोट तीन-चार आठवडे आधी काढून ठेवा, पुढची तारीख टाकून. ऐन दिवशी काढलेला कोट बहुतेकदा महाग पडतो. पण पैसे गाडी नक्की झाल्यावरच भरा, कारण पॉलिसी त्या नंबर प्लेटला जोडलेली असते. गाडी ताब्यात घेऊन घरी चालवत आणायच्या आधी कव्हर सुरू झालेलं हवं, तासाभराच्या रस्त्यासाठीसुद्धा. घेतल्यावर १४ दिवसांत नको वाटली तर रद्द करता येते, वापरलेल्या दिवसांचे पैसे आणि थोडी फी कापतात.

पास झालात की लगेच कळवा, वाट बघू नका. काही पॉलिसी फक्त प्रोव्हिजनलवाल्यांसाठीच असतात, मग त्यांना ती बदलावी लागते. काही जण बदलाची फी लावतात, त्यामुळे घेतानाच विचारून ठेवा की लायसन्स फुल झालं तर फी किती आणि प्रीमियम किती उतरेल. मात्र वर्ष पूर्ण व्हायच्या आधी पॉलिसी मोडू नका, मोडली तर त्या वर्षाचा एनसीबी मिळत नाही. आणि हिवाळ्यात गाडी ठेवून देऊन इन्शुरन्स बंद करायचा विचार आला तर आधी डीव्हीएलएकडे (आपल्या आरटीओसारखं खातं) एसओआरएन, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही अशी नोंद, करावी लागते, नाहीतर गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी असली तरी दंडाचं पत्र येतं.

रिन्यूअलचं पत्र आलं की पुन्हा सगळीकडे कोट काढा. २०२२ पासून जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावता येत नाही असा एफसीएचा नियम आहे, पण तो त्या एका कंपनीपुरता. दुसरी कंपनी तुमचं एक वर्षाचं रेकॉर्ड बघून कमी सांगू शकते.

बीबाकडून ब्रोकरचं नाव मिळालं की फोन करताना भारतातलं ते पत्र समोर ठेवा, आणि काय म्हणाले ते इथे लिहा. अजून बऱ्याच जणांना उपयोगी पडेल.